तीनशेच्या पुढचा टेम्पो दाखवलात, त्याबद्दल

सप्रेम नमस्कार,

माझा सिक्वेन्सर, म्हणजे ठरवून दिलेले ठोके आणि सूर आपोआप वाजवणारं यंत्र, 300 बीपीएमला (मिनिटाला 300 बीट्सना) अडतो, पुढे कसं जायचं, एवढंच मी विचारलं होतं. मॅन्युअलमध्ये मर्यादा दिली आहे, असं सांगून बाकीच्यांनी विषय मिटवला. तुम्ही मात्र मलाच उलट विचारलंत, "आकडा अडतोय की मशीन?" आज हे जाहीरपणे लिहितेय ते त्या प्रश्नासाठी.

अडत होता तो फक्त आकडा. टेम्पो 206.3 वर ठेवून ट्रॅकचा वेग चौपट करायला तुम्ही सांगितलंत आणि प्रत्यक्ष टेम्पो गेला 825 च्या घरात. सोळा स्टेप्सचा (एका बीटमध्ये चार स्टेप्स, म्हणजे ठोक्याच्या जागा) अख्खा पॅटर्न सेकंदाच्या एक तृतीयांशाच्या आत संपायला लागला. सुरुवातीला नुसता गोंगाट होता. मग किकचा (ड्रमच्या खर्जातल्या ठोक्याचा) डिके, म्हणजे आवाज विरायला लागणारा वेळ, 18 मिलिसेकंदांच्या आत आणायला लावलात, कारण दोन ठोक्यांमध्ये तेवढीच जागा उरते. तो आवळला आणि ठोके ऐकू येणंच थांबलं, त्यांच्या जागी एक सलग, खर्जातला सूर उभा राहिला.

हा सूर कुठून आला, हे तुम्ही ज्या सोपेपणाने उलगडलंत तो मला फार मोलाचा वाटतो. 825 ला प्रत्येक स्टेपवर किक वाजली की सेकंदाला 55 ठोके पडतात. 55 हर्ट्झ म्हणजे पेटीची पांढरी सहा, अगदी खालच्या सप्तकातली. टेम्पो दुप्पट केला की सूर एक सप्तक वर. लय वाढवत नेली की तिचा सूर होतो हे मी वाचलं होतं, पण टेम्पोच्या नॉबने सूर लावता येतो हे हाताला कळलं ते तुमच्यामुळे.

आणि मिडीचा, म्हणजे वाद्यं एकमेकांना जोडणाऱ्या डिजिटल भाषेचा, तो हिशोब! बाहेरचे सिंथ (सिंथेसायझर) जोडले की नोटा गळत होत्या आणि माझा सगळा संशय सिक्वेन्सरवर होता. तुम्ही म्हणालात, आधी केबल मोजा. 1983 पासून मिडीचा वेग सेकंदाला 31,250 बिट, म्हणजे 3,125 बाइट. क्लॉक, म्हणजे सगळ्यांची लय जुळवणारा संकेत, मूळ 206.3 च्या टेम्पोनेच जातं, ते सुमारे 83 बाइट घेतं. एका ट्रॅकच्या 55 नोटा, प्रत्येकीला नोट-ऑनचे (सूर सुरू करण्याचे) तीन आणि नोट-ऑफचे (थांबवण्याचे) तीन बाइट. असे आठ ट्रॅक धरले की 2,640. बेरीज सुमारे 2,723, म्हणजे केबल जवळजवळ भरलीच! त्यात मी फिल्टरचा नॉब फिरवायचे, त्याचेही बाइट त्याच केबलमधून जायचे, तेव्हा गळणार नाहीतर काय होणार? निम्मे सिंथ दुसऱ्या पोर्टवर नेले, ड्रम सिक्वेन्सरच्या आतल्याच आवाजांवर ठेवले आणि गळती बंद झाली.

मला तयार सेटिंग्ज पाठवून तुम्ही मोकळे होऊ शकला असता. त्याऐवजी रेकॉर्डिंग मागवलंत, वेव्हफॉर्म मोठा करून दोन ठोक्यांमधलं अंतर मलाच मोजायला लावलंत, आणि माझं मोजून होईपर्यंत थांबलात. इतका वेळ अनोळखी माणसासाठी कोण देतं?

आता 1,650 वर काम चालू आहे. तिथे दोन ठोक्यांतलं अंतर 9 मिलिसेकंदांवर येतं आणि ते थोडं पुढेमागे होताना वेव्हफॉर्ममध्ये स्पष्ट दिसतं. सूर खरखरीत होतो, पण मला तो तसाच आवडलाय. रेकॉर्डिंग पाठवते, जरूर ऐका.

मनापासून आभार.

तुमची ऋणी