‘वाग’ लिहिणारं मूल ऐकलं तसंच लिहितं

मा. संपादक यांस,

श्रुतलेखनाच्या वहीत ‘वाग’, ‘दूद’, ‘ओट’ दिसलं की लाल शाई फिरते आणि ‘लक्ष नसते’ असा शेरा पडतो. सांगली-साताऱ्याकडे तर ‘गावठी उच्चार’ म्हणून घरच्यांनाही बोल लागतो. वास्तविक शब्द सांगणाऱ्या शिक्षकांच्या तोंडूनही ‘वाघ’मधला शेवटचा घ बहुतेक वेळा ग म्हणूनच बाहेर पडलेला असतो.

स्पर्श व्यंजनात हवा तोंडात पूर्ण अडते आणि मग सुटते. क आणि ग यांतला फरक घशातल्या कंपनाचा. तो हवा अडलेली असतानाही कळतो, म्हणून ‘वाक’ आणि ‘वाग’ यांत गल्लत होत नाही. महाप्राणाची, म्हणजे ख, घ, थ, ध यांतल्या जादा श्वासाची, खूण मात्र हवा सुटल्यानंतर, पुढच्या स्वराच्या सुरुवातीला उमटते. शब्द तिथंच संपला तर ती उमटायची कशावर? लिस्कर आणि अब्रामसन या भाषाशास्त्रज्ञांनी 1964 मध्ये 11 भाषांतले शब्दारंभीचे स्पर्श मोजले, त्यांत मराठीही होती. क-त म्हणताना हवा सुटल्यावर कंपन जवळजवळ लगेच सुरू होतं, ख-थ म्हणताना साधारण 50 मिलिसेकंदांहून जास्त वेळ जातो, ग-द म्हणताना ते आधीपासूनच चालू असतं. एवढ्याशा फटीवर सगळी मदार, आणि वर्गात पंखा घरघरत असतो! श्रुतलेखनापुरता तो बंद करावा.

शब्द सांगितल्यावर लगेच त्याचं रूप सांगावं: वाघ, वाघाला, दूध, दुधात, ओठ, ओठावर. नुसतं ‘पाठ’ म्हटलं तर टेंभू-ताकारी या सिंचन योजनांच्या पट्ट्यातलं मूल ‘पाट’च लिहिणार, ‘पाटाला’ आणि ‘पाठाला’ म्हटलं की प्रश्न मिटतो. मात्र त्या व्यंजनाला स्वर जोडलेला हवा. ‘दूधवाला’ म्हणून उपयोग नाही, कारण ध ला लागून व येतो आणि श्वास पुन्हा दबतो. ‘वाघ्ह’ असा जोर देऊ नये. मुलं ‘वाघा’ लिहितात, आणि तेही ऐकलं तसंच.

फरक दाखवायचा तर वहीच्या कागदाची दोन बोटं रुंद, वीतभर लांब पट्टी ओठांपासून चार बोटांवर लोंबती धरावी. ‘ताट’ म्हणताना ती जेमतेम हलते, ‘थाट’ म्हणताना उडते. सुरुवात प-फ या जोडीनं करू नये. ‘फळ’ म्हणताना आपल्यापैकी अनेकांचे ओठ मिटतच नाहीत, नुसती हवा घासत जाते. पट्टी हलते, पण स्पर्श झालेलाच नसतो. ‘धार’ म्हणताना पट्टी ‘थाट’पेक्षा कमी हलली तर मूल चुकलं असं समजू नये. ध मध्ये स्वरतंतू कंप पावत असतानाच श्वास सुटतो, त्यामुळे झोत मऊ असतो. तिथं दुसरा हात गळ्यावर ठेवायला सांगावं.

केंद्राच्या, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत एवढं जरूर ठरवावं: शब्दाच्या शेवटचा महाप्राण चुकला तर गुण कापू नयेत, रूप सांगून पुन्हा लिहून घ्यावं. पण दार-धार, गडी-घडी अशा जोड्यांत शब्दाच्या सुरुवातीलाच वारंवार घोटाळा होत असेल, किंवा त आणि क यांतच गोंधळ असेल, तर शुद्धलेखनाचा सराव वाढवण्याआधी पालकांना सांगून मुलाचे कान तपासून घ्यावेत. सर्दीनं कानाच्या पडद्यामागे पाणी साचलं तरी ऐकू कमी येतं, आणि ते मूल आपणहून सांगत नाही.

– एक भाषाशिक्षक, विटा (जि. सांगली)