रविवारचा खेळ: जोड्या समिती लावणार

सभासदहो,

येत्या रविवारी संध्याकाळी ५ वाजता गच्चीवर (पाऊस आला तर पार्किंगमध्ये) प्रश्नमंजुषा आहे. भटक्या कुत्र्यांना खाऊ घालायचं की नाही, यावरून मागच्या सभेत काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. रविवारी तो विषय काढायचा नाही.

मग खेळ कशाला? १९५४ साली मानसशास्त्रज्ञ मुझफ्फर शेरीफ यांनी अमेरिकेत, ओक्लाहोमातल्या एका शिबिरात २२ मुलांचे दोन गट केले. स्पर्धा लावताच गट हमरीतुमरीवर आले. एकत्र जेवायला बसवलं तर एकमेकांवर अन्न फेकू लागले. (आपली कोजागिरी आठवा!) पुढे पाणी बंद पडलं, ट्रक अडला, सगळ्यांना मिळून तो ओढावा लागला, तेव्हा कुठे तेढ निवळू लागली. ट्रक ओढायचा दोर रस्सीखेचीचाच होता.

नियम:
- जोडीत कुत्र्यांच्या वादातल्या दोन्ही बाजूंचा एकेक जण. नवरा-बायको एकत्र नाहीत.
- उत्तराची अर्धी माहिती एकाच्या कागदावर, अर्धी दुसऱ्याच्या. कागद दाखवायचा नाही, बोलून सांगायचं. ही कल्पना मानसशास्त्रज्ञ इलियट अॅरनसन यांनी १९७१ साली अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरातल्या शाळांत वापरलेल्या पद्धतीवरून घेतली आहे.
- गुण जोडीला मिळतील.
- मोबाईल टोपलीत. समितीचेसुद्धा.

नावं शुक्रवारी रात्री ९ पर्यंत सचिवांकडे द्यावीत. जोडीदार बदलून मिळणार नाही, कृपया फोन करू नये. चहा-वडापाव सोसायटीतर्फे.

– व्यवस्थापन समिती