कासवीची तगमग ओळखा

संपादक महोदय,

आमच्याकडे 9 वर्षांपासून 'रेड-इअर्ड स्लायडर' जातीची, डोळ्यांमागे तांबडा पट्टा असलेली एक कासवी आहे. एरवी हातून खाणाऱ्या या कासवीने गेल्या उन्हाळ्यात अचानक अन्न सोडले, ती रात्रंदिवस काचेला धडका देऊ लागली आणि दगडावर चढून मागच्या पायांनी आळीपाळीने असे उकरू लागली, की नखांची खरखर शेजारच्या खोलीत ऐकू येई. जिथून ती आणली, त्या दुकानात 'पाणी बदलून बघा' एवढेच उत्तर मिळाले.

प्रत्यक्षात तिच्या पोटात अंडी होती. पशुवैद्यांनी काढलेल्या क्ष-किरण चित्रात ती मण्यांसारखी स्पष्ट दिसली. नर सोबत नसला तरी वयात आलेली मादी अंडी घालते (ती अर्थातच फलित नसतात), हे आम्हाला ठाऊक नव्हते. त्यासाठी तिला उकरता येईल अशी ओलसर माती लागते. ती न मिळाल्यास मादी अंडी पाण्यात टाकते किंवा अडवून धरते आणि अडलेली अंडी जिवावर बेततात. आम्ही टबात फूटभर ओली वाळूमाती भरून तिला एकटे सोडले, तेव्हा दुसऱ्या पहाटे तिने 7 अंडी घालून खड्डा स्वतःच बुजवला.

उपवासासोबत सुस्ती असेल किंवा कासव एका अंगावर कलून पोहत असेल, तर मात्र मातीची वाट न पाहता त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा. पिल्लू विकताना दुकानदारांनी एवढी माहिती ग्राहकाला द्यावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

– एक वाचक, ठाणे