पक्ष्याचा डोळा

न्यूर्नबर्ग, रविवार रात्र

प्रिय सुमे,

सात महिने माझं पत्र नाही, तुझे दोन फोनही उचलले नाहीत. शिव्या घाल, पण आधी हे वाच. ईमेलच करतेय, टपालाने पोचेपर्यंत भट्टी होऊन जाईल. गुडघा बरा आहे.

काल क्लासमध्ये माझी सुरई रंगवून झाली. जर्मनीतल्याच हानाऊ गावची जुनी घडण: बारीक मान, फुगीर पोट, पिळाचा कान. नेदरलँड्सहून आलेल्यांनी १६६१ मध्ये तिथे कारखाना काढला. निळी फुलं, पक्षी आणि मधल्या रिकाम्या जागेत ठिपकेच ठिपके. पहिल्यांदा पाहिले तेव्हा तुमचं अंगणच आठवलं.

तर झालं असं. एकदा भाजलेलं भांडं कथलाच्या पांढऱ्या झिलईत बुडवून काढतात. वाळली की तिचा पिठासारखा थर बसतो, त्यावर कोबाल्टने रंगवायचं. कुंचला टेकला रे टेकला की थर रंग पिऊन टाकतो. पुसायला जावं तर झिलईच निघून येते. मी पक्ष्याच्या डोळ्यावर जरा थांबले आणि थेंब पसरला. आता तो पक्षी गणिताच्या पेपराला बंड्या शेजारच्याच्या वहीत बघायचा तसा बघतोय. कच्चा कोबाल्ट काळपट दिसतो, निळा होतो भट्टीत. गुरुवारी हजारेक अंशावर भाजणी, मग तो डोळा कायमचा.

खरवडू का गं? तू म्हणशील, खरवड. त्या दिवाळीत रांगोळीतली माझी वाकडी ओळ तू पायाने पुसलीस आणि आपण पंधरा दिवस बोललो नाही. ती पुसायची नव्हती, मी अजून तेच म्हणते.

तुझ्या बाजूचा माणूस या गावातच सापडला. योहान शापर, १६७० मध्ये वारला. भाजून तयार झालेली पांढरी भांडी घ्यायचा, त्यांवर काळ्या मिन्याने निसर्गदृश्यं रंगवायचा आणि सुईने ओरखडून उजेड काढायचा. खालची झिलई पक्की, त्यामुळे भाजायच्या आधी चुकलेलं पुसता यायचं. मग मंद आचेवर आणखी एक भाजणी. फार सुंदर काम आहे, सुमे. पण माझा जीव अडकतो तो हानाऊच्या न पुसलेल्या रेषेतच.

अप्पांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं का? मनूचं लग्न ठरल्याचं मावशीकडून कळलं, फार आनंद झाला. सुरई तिच्यासाठीच आहे, म्हणून तर डोळा एवढा खुपतोय. बुधवारपर्यंत कळव. नाही कळवलंस तर मी तो तसाच भट्टीत घालणार.

तुझीच,
नली