स्वित्झर्लंडला लोणचं पाठवा म्हणताय, पण बंदर कुठाय?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात मागच्या आठवड्यात आलेली बातमी, की आता जिल्ह्यातल्या लोणच्यावाल्यांना स्वित्झर्लंडचं मार्केट खुलं झालं, ती आमच्या कुपवाड एमआयडीसीच्या सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतेय. बातमी खोटी नाही. ईएफटीए म्हणजे स्वित्झर्लंडसकट चार युरोपीय देशांचा गट, त्याच्याशी भारताचा व्यापार करार १० मार्च २०२४ ला झाला आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला, सगळं बरोबर. पण त्या देशाला समुद्रच नाही, हे बातमीत कुठंच नाही. मी भाज्यांच्या प्रोसेसिंग युनिटमध्ये डिस्पॅच बघतो, त्यामुळं हे वाचल्या वाचल्या खटकलं.

आधी लोणचं कुठलं पाठवायचं ते तर ठरवा. आपलं कैरीचं, लिंबाचं, तेल-मोहरीचं लोणचं तिथं घेणार कोण, तर आपली माणसं आणि श्रीलंकेतून तिकडं गेलेले तमीळ लोक. गिऱ्हाईक आहे, नाही असं नाही, पण कंटेनरच्या कंटेनर खपेल एवढं मला तरी वाटत नाही. तिथली माणसं राक्लेट म्हणून एक प्रकार खातात, उकडलेल्या बटाट्यावर वितळलेलं चीज, आणि त्याच्यासोबत व्हिनेगरमधली बोटाएवढी काकडी आणि बारके पांढरे कांदे. खरा धंदा तिथंय. ही काकडी म्हणजे घेरकिन, तिचा माल कर्नाटक, तमिळनाडू आणि आंध्रमधनं जातो, अपेडाच्या, म्हणजे केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या, आकड्यानुसार २०२०-२१ मध्ये भारतातनं काकडी आणि घेरकिन मिळून २ लाख २३ हजार टनांच्या वर निर्यात झाली. कर्नाटकची हद्द मिरजेपासनं काय लांब आहे सांगा, पण आपल्याकडं अजून ह्याची चर्चा लोणचं मेळाव्यापुरतीच. अर्थात पीक सोपं नाही. भाव किलोत किती नग बसतात त्याच्यावर मिळतो, जितकी बारकी तितका भाव जास्त, आणि एक दिवस तोडणी चुकली की काकडी फुगून खालच्या ग्रेडला गेली. रोज तोडायला माणसं कुठनं आणायची हे द्राक्षवाल्यांना विचारा.

आता वाटेचं बघू. सांगलीतनं न्हावाशेवा साडेतीनशे-चारशे किलोमीटर, म्हणजे बंदर आपल्यालाही जवळ नाहीच, रांजणीच्या ड्रायपोर्टच्या, म्हणजे समुद्राशिवायच्या कोरड्या बंदराच्या, बातम्या किती वर्षं वाचतोय आपण. तिथनं जहाजानं युरोपातलं रॉटरडॅम किंवा अँटवर्प बंदर, तांबड्या समुद्रात गडबड असली की आफ्रिकेला वळसा घालून. इथपर्यंत सगळ्यांना कळतं. रॉटरडॅमला कंटेनर उतरला की पुढं स्वित्झर्लंडच्या हद्दीवरल्या बासेल शहरापर्यंत जायचंय, ऱ्हाईन नदीतनं बार्जनं, म्हणजे मालवाहू होडीनं, ८०० किलोमीटरच्या वर, नाहीतर रेल्वेनं, नाहीतर ट्रकनं. ऱ्हाईनचं पाणी २०१८ ला आणि २०२२ ला इतकं खाली गेलं होतं की बार्ज अर्ध्यामुर्ध्या भरून चालवत होते, आणि पाणी कमी झालं की भाड्यावर वेगळा सरचार्ज लागतो. आपण पावसाळ्यात आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांच्या वर गेलं का बघतो, ते लोक ऱ्हाईनवरच्या काउब गावाला पाणी किती खाली गेलं ते बघतात, एवढाच फरक. हा सरचार्ज कोण भरणार? तुम्ही रेट रॉटरडॅमपर्यंतचा दिला असेल तर घेणारा भरणार. बासेल पोच दिला असेल तर तुम्ही, आणि वर रॉटरडॅमला कंटेनर अडकला तर त्याचं डिटेन्शन, म्हणजे उशिराचं भाडं, पण तुम्हीच. आमच्या ओळखीतल्या एका युनिटनं पहिल्याच ऑर्डरला पोच रेट दिला, समोरचा खूष झाला म्हणून हेही खूष, आणि नफा सगळा नदीत गेला.

दुसरं म्हणजे ड्युटी. स्विस कस्टम्स शेतमालावर ड्युटी बहुतेक किमतीवर लावत नाहीत, वजनावर लावतात, तेही ग्रॉस वजनावर. म्हणजे काचेची बरणी, झाकण, खोका सगळं वजनात, आतलं पाणी तर आहेच. काकडी थोडी आणि काच-पाणी जास्त, अन् ड्युटी सगळ्यावर. म्हणून करार झाला म्हणून पेढे वाटण्याआधी आपल्या मालाच्या टॅरिफ लाईनला, म्हणजे कस्टम्सच्या कोड नंबरला, नेमकी किती सूट आहे ते बघा, व्हिनेगरमधला माल २००१ नंबरच्या कोडमध्ये जातो आणि ड्रममध्ये मिठाच्या पाण्यात तात्पुरता टिकवलेला ०७११ मध्ये, दोन्हीचा हिशोब वेगळा. काही जण म्हणतात ड्रम पाठवू, तिकडं हॉलंडात बाटल्या भरून घेऊ. घ्या की, पण वाटेत दुसऱ्या देशात माल उघडून बाटल्यांत भरला तर करारातली सूट सहसा मिळत नाही, माल कस्टम्सच्या नजरेखालीच पुढं गेला पाहिजे. हे मेळाव्यात स्टेजवरनं कुणी सांगत नाही.

लेबलचं पण तसंच. जर्मन, फ्रेंच, इटालियन ह्यातली निदान एक भाषा पाहिजे, इंग्रजीवर भागत नाही. आणि मोहरी! आपल्याला मोहरी म्हणजे फोडणी, तिकडं ती ॲलर्जीच्या यादीत आहे, घटकांमध्ये उठून दिसेल अशी छापावी लागते. माल टिकवायला घालतात त्या सल्फाईटचं पण तसंच. आणि पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, ४.६ च्या खालीच हवा, तो पण बरणीतल्या पाण्याचा नाही, काकडीच्या आतपर्यंतचा.

मी पाठवू नका म्हणत नाही. उद्योग खात्यानं आणि जिल्ह्याच्या निर्यात समितीनं भाषणं कमी करून तीन-चार छोट्या युनिटचा माल एका कंटेनरमध्ये एकत्र जाईल अशी सोय करावी, टेस्टिंगला सॅम्पल पुण्या-मुंबईला पाठवत बसायला लागू नये, आणि कुणीतरी सीएचए (कस्टम्सचं काम बघणारा एजंट) किंवा फॉरवर्डर (माल पोचवायची व्यवस्था करणारा) बोलवून रॉटरडॅमच्या पुढचा खर्च ओळीनं फळ्यावर लिहून दाखवावा. तोपर्यंत ज्यांना तिकडनं मेल आलाय त्यांनी रेट रॉटरडॅमपर्यंतचाच द्यावा, आणि पहिला माल नोव्हेंबरच्या आत तिथं पोचेल असा बघावा, कारण राक्लेट थंडीतच जास्त खातात.

आपला,
एक नियमित वाचक, कुपवाड, जि. सांगली