लेहची गाडी अंबडला कशाला?

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या गाड्यांच्या पुरवणीत परवा लेख आला होता, ऑफिसलाही चालेल आणि टूरलाही चालेल अशी बाईक कुठली म्हणून. वाचला, फोटो भारी होते, पण यादीत जवळपास सगळ्या गाड्या चारशे सीसीच्या पुढेमागे आणि वर्णन सगळं लेह-लडाखचं. अहो आपल्या नाशिकचा माणूस लेहला जाऊन जाऊन जाणार किती वेळा, बाकी वर्षभर तो नाशिकरोडहून निघून द्वारका चौकाच्या गर्दीतून अंबड एमआयडीसीत जातो, संध्याकाळी तसाच परत, आणि रविवारी त्र्यंबक, वणी, फार तर भंडारदरा. गाडी याच्यासाठी घ्यायची ना?

आमचा भाचा सध्या गाडी बघतोय, त्याच्या डोक्यात रॉयल एनफिल्डची नवी हिमालयन बसलीय. गाडी चांगलीच आहे, वाद नाही, ४५२ सीसी आणि ४० पीएस ताकद, लांबच्या रस्त्याला मजा येणारच. पण वजन १९६ किलो. होंडाची साधी युनिकॉर्न १४० च्या आसपास भरते, म्हणजे वरचे पन्नास-पंचावन्न किलो मागे कायम कोणीतरी बसल्यासारखे घेऊन फिरायचे. सोसायटीच्या उतरत्या पार्किंगमध्ये दोन स्कूटरच्या मधून ती मागे ओढून काढायची, तेही ऑफिसची बॅग खांद्याला लावून, हे शोरूमवाले दाखवत नाहीत, ते गंगापूर रोडला एक चक्कर मारून आणतात आणि झाली टेस्ट राईड. मी त्याला सांगितलं की मामीला मागे बसव आणि मग चालव, यू-टर्न मार, तेव्हा कळेल.

ताकदीचं म्हणाल तर केंद्राने २०१८ ला जी वेगमर्यादा ठरवली त्यात चौपदरी रस्त्यावरही दुचाकीला जास्तीत जास्त ८० आहे, आणि समृद्धी महामार्गावर तर दुचाकीला बंदीच. मग सहाव्या गिअरमध्ये १३० ने जाणारी गाडी पळवायची कुठे? आपल्याला पाहिजे काय, तर मागे बायको आणि दोन बॅगा असताना इगतपुरीपर्यंत ८० ला निवांत चालेल आणि हँडल झणझणणार नाही अशी. दीडशेच्या गाड्या इथे थोड्या कमी पडतात हे खरंय, कसारा चढताना डबल सीट असलं आणि पुढे कंटेनर असला की तिसऱ्यात टाकून पिळावी लागते आणि तरी जीव मुठीत. दोनशे-अडीचशेला ते आरामात होतं.

परत पैशाचं गणित लेखात कुठेच नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंत जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आणि त्याच्या वर सरळ ४० टक्के, म्हणजे पंधरा-वीस सीसी जास्त असले तरी टॅक्स दुपटीच्या वर. घेणाऱ्यासाठी याच्यापेक्षा मोठी बातमी कुठली?

आणि टायर! याच्यावर कोणी बोलतच नाही. स्पोकची चाकं दिसतात भारी, खड्ड्यात टिकतातही, पण बऱ्याच गाड्यांत आत ट्यूब असते, आणि सप्तशृंगीच्या वाटेवर पंक्चर झालं तर चाक खोलल्याशिवाय इलाज नाही, मागचं असेल तर चेन सोडा, अ‍ॅक्सल काढा, वर पाऊस. ट्यूबलेसला खिळा उपटायचा, भोक जरा खरवडून घ्यायचं, पट्टी कोंबायची, छोट्या पंपाने हवा मारायची की निघाले. अलॉय खड्ड्यात वाकतात हा तोटा आहेच आणि शहरात सिंहस्थाची खोदकामं चालू असताना तो लक्षात ठेवावा, तरीपण घरच्यांना घेऊन फिरणाऱ्याने ट्यूबलेसच घ्यावी असं माझं ठाम मत आहे. एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी सोय, तो १२५ सीसीच्या वर सगळ्यांना असतोच, पण सिंगल चॅनलवाला फक्त पुढच्या चाकाला असतो, पावसाळी घाटात दोन्ही चाकांना असलेला बरा.

मला विचाराल तर उंची बरी असेल तर सुझुकीची व्ही-स्ट्रॉम एसएक्स, २४९ सीसी, १६७ किलो, पुढचं चाक १९ इंची, अलॉय आणि ट्यूबलेस, ऑइल कूल्ड इंजिन. दिसायला डोक्यात भरत नाही आणि टाकी १२ लिटरचीच आहे, पण काम करते. मात्र सीट ८३५ मिलिमीटर, त्यामुळे पाच-चार, पाच-पाच वाल्याने सिग्नलला पाय टेकतात का ते आधी बघावं, नाही टेकले तर सरळ ३५० मधली रॉयल एनफिल्डच्या हंटरसारखी बुटकी गाडी घ्यावी, उगाच लोक काय म्हणतील म्हणून उंच गाडीवर चढू नये. हिरोची एक्सपल्सही हलकी आहे, कच्च्या रस्त्याला तिला तोड नाही, पण मागे बसणाऱ्याचे हाल होतात, आमच्याकडे ती पहिल्याच फेरीत नापास झाली. ज्याला खरंच वर्षाला दोन-तीन मोठ्या टूर करायच्यात त्याने हिमालयन घ्यावी की, पण रोजच्याला दुसरी स्कूटर ठेवून.

तर विनंती एवढीच, पुढच्या वेळी पुरवणीत गाडी छापताना तिच्यावर दोन माणसं बसवून त्र्यंबक रोडने नेऊन आणा, सकाळी नऊला द्वारकेवर उभी करा आणि इंजिनची झळ पायाला किती लागते ते लिहा, मायलेज डबल सीटचं द्या, आणि क्लच प्लेट, चेनसेट नाशिकात किती दिवसांत मिळतो आणि केवढ्याला ते सर्व्हिस सेंटरला विचारून छापा.

आपला,
एक नेहमीचा वाचक, नाशिकरोड