जुन्या एमजीबीचे ब्रेक आणि चाळीस हजार रुपये

कोथरूड, पुणे
१४ नोव्हेंबर

प्रिय विनायक,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि सोबतची छायाचित्रे परवा मिळाली. इचलकरंजीच्या त्या गिरणीमालकाच्या वारसांनी १९६७ ची एमजीबी, ती दोन आसनी ब्रिटिश स्पोर्ट्‌स कार, अखेर तुझ्या हवाली केली, याचा आनंद झाला. पण पत्राच्या शेवटी जोडलेली यादी मी चष्मा पुसून पुन्हा एकदा वाचली. चार पिस्टनांचे कॅलिपर (डिस्कला दोन्ही बाजूंनी पकडणारे चिमटे), भोके पाडलेल्या मोठ्या डिस्क (चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या चकत्या), त्या आत मावाव्यात म्हणून मोठी रिमे, आणि या सगळ्यासाठी चाळीस हजार रुपये! एवढ्या पैशांत त्यातले निम्मेही येणार नाही. आणि समजा आले, तरी तुझी गाडी आज थांबते त्याहून कमी अंतरात थांबेल असे मला वाटत नाही.

कारण असे की, गाडी शेवटी थांबवतो तो टायर. पेडल जोरात दाबल्यावर चाके जागच्या जागी लॉक होत असतील, तर ब्रेकची ताकद पुरेशी आहे आणि कमी पडते आहे ती टायरची रस्त्यावरची पकड, असे समजावे. मोठ्या डिस्कचा खरा उपयोग उष्णता सामावून घेण्यासाठी होतो, आणि तो प्रश्न आपल्याकडे येतो घाटात. दोन माणसांसह तुझी गाडी ११०० किलोंची धरली आणि ती ५०० मीटर खाली उतरवली, तर जेवढी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते, तेवढी ऊर्जा ताशी ८० किलोमीटर वेगातली हीच गाडी वीस वेळा पूर्ण थांबवताना जिरते. यातला मोठा वाटा इंजिनावर टाकता येतो, म्हणून तर जुने ड्रायव्हर ज्या गिअरात घाट चढावा त्याच गिअरात उतरावा असे सांगत. पण आपण दोघेही गाडी हाती आली की ते विसरतो.

मी हे शहाणपण फुकट मिळवलेले नाही. माझी गाडी घेतल्यावर पहिल्याच वर्षी मी तुझ्यासारखाच भोकांच्या डिस्कच्या मोहात पडलो, परदेशातून त्या मागवल्या, बसवल्या आणि भोरहून वरंधा घाटाने महाडकडे निघालो. अर्धा घाट झपाट्याने उतरून, टपरीवर चहा-भजी घेण्यासाठी दहा मिनिटे थांबलो. पुन्हा निघून पहिल्या वळणावर पेडलवर पाय ठेवला, तर ते लोण्यात सुरी जावी तसे थेट तळाला गेले. दुसरा गिअर आणि हँडब्रेक यांच्या जोरावर गाडी डोंगराच्या बाजूला घासत थांबवली तेव्हा शेजारी बसलेल्या आमच्या सौ. काहीही बोलल्या नाहीत, आणि ते जास्त झोंबले.

दोष डिस्कचा नव्हता. ब्रेक ऑइल किती वर्षांचे होते हे आधीच्या मालकालाही ठाऊक नव्हते. हे ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते आणि पाणी मुरले की त्याचा उत्कलनबिंदू घसरतो. डॉट ४ प्रतीच्या ताज्या ऑइलसाठी किमान २३० अंश सेल्सिअस ही अट आहे, पाणी मुरलेल्यासाठी ती केवळ १५५ अंशांची. गाडी चालू असताना वारा लागतो. चहासाठी थांबलो तेव्हा तापलेल्या डिस्कची उष्णता कॅलिपरमध्ये झिरपली, ऑइल उकळले, वाफेचे बुडबुडे झाले, आणि वाफ दाबली जाते, द्रवासारखा दाब पुढे पोचवत नाही. बाकी त्या महागड्या डिस्कना दोन पावसाळ्यांत भोकांच्या कडेने बारीक तडे गेले आणि मी पुन्हा साध्या, सपाट डिस्कवर आलो.

तुझ्या गाडीच्या बाबतीत यापेक्षाही गंभीर गोष्ट म्हणजे १९६७ च्या या गाडीत चारही चाकांना मिळून एकच मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडलचा जोर ऑइलच्या दाबात बदलणारा पंप, आणि ऑइलच्या नळ्यांचे एकच सर्किट आहे. एक होज पाइप फुटला किंवा मास्टर सिलिंडरचे एक रबर फाटले, की पुढचे आणि मागचे ब्रेक एकदमच जातात, उरतो फक्त हँडब्रेक. म्हणून पहिला रुपया तिथेच घालावा असा माझा आग्रह आहे. तिन्ही रबरी होज पाइप डोळे मिटून बदल. जुना होज बाहेरून धडधाकट दिसतो आणि आतून सुजून बंद होत आलेला असतो; दाब चाकापर्यंत जातो, पण परत येत नाही, ब्रेक धरून राहतो आणि गाडी एका बाजूला ओढते. तू लिहिलेस ना, की ब्रेक मारल्यावर ती डावीकडे जाते? मला आधी संशय होजचा आहे, मग उजव्या कॅलिपरमधल्या गंजलेल्या पिस्टनचा.

पिस्टन बाहेर काढून त्यांच्यावर नख फिरवून बघ. खड्डे लागले तर पॉलिश करत बसू नकोस, स्टेनलेस स्टीलचे पिस्टन या गाडीसाठी मिळतात, ते रबरी सीलच्या किटसह घाल. पुढच्या डिस्क मूळच्या पावणेअकरा इंचांच्या आहेत आणि या वजनाच्या गाडीला त्या लहान नाहीत. त्या बदलायच्या की भोसरीत माझ्या ओळखीच्या टर्नरकडून एक हात मारून, म्हणजे लेथवर तासून सपाट करून घ्यायच्या, हे जाडी मोजल्याशिवाय ठरवता येणार नाही. एक मात्र लक्षात ठेव: पेडल थरथरते म्हणून लोक डिस्क टाकून देतात, आणि बऱ्याचदा दोष निघतो हबच्या, म्हणजे डिस्क ज्यावर बसते त्या भागाच्या, तोंडावर साचलेल्या गंजाच्या पापुद्र्याचा. तो खरवडून, डिस्कचा डगडगाट मोजणारे डायल गेज लावून मगच डिस्कला दोष दे.

मागच्या दहा इंची ड्रमला हात लावताना जुनी धूळ हवा मारून उडवू नकोस, त्या काळच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे. ओल्या फडक्याने पुसून ते फडके टाकून दे. शू, म्हणजे लायनर ज्यावर चिकटवतात त्या लोखंडी कमानी, चांगल्या असतील तर नाना पेठेत लायनर बसवून मिळतील. या गाडीत ड्रमचे अॅडजस्टमेंट आपोआप होत नाही, मागच्या पत्र्यावरचा चौकोनी खुंट फिरवून ते करावे लागते, आणि ते वर्षानुवर्षे कोणी करत नाही म्हणून पेडल खोल जाते. पेडल खोल जाते म्हणून मालक बूस्टर, म्हणजे पायाच्या जोराला मदत करणारे यंत्र, बसवायला निघतो. बूस्टरने पायाचा जोर वाचतो, पेडलचा खोलपणा जात नाही. मागे जास्त चावणारे लायनर घालण्याचा मोह मात्र टाळ; मागची चाके पुढच्यांच्या आधी लॉक झाली तर गाडी भोवऱ्यासारखी फिरते.

पुढच्या डिस्कवर घासणारे पॅड बऱ्या प्रतीचे, पण रस्त्यावरच्या गाडीचेच घे. शर्यतीचे पॅड तापल्याशिवाय धरत नाहीत, आणि पहाटे घरातून निघून पहिल्याच सिग्नलला ते तापलेले नसतात.

आता टायर. छायाचित्रात त्यांची नक्षी छान दिसते, पण कडेवरचा चार अंकी आकडा वाच. पहिले दोन अंक आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे. दहा वर्षांचे रबर लाकडासारखे झालेले असते. सुदैव असे की १६५/८० आर १४ हे माप या गाडीला चालते आणि तेच माप स्विफ्टलाही येत असल्याने ते गल्लीतल्या दुकानात वाजवी दरात मिळते. तुझी चाके तारांची असल्याने आत ट्यूब मात्र हवी. माझ्या अंदाजाने चाळीसपैकी निम्मे पैसे टायरला जातील. जाऊ देत.

सगळे बसल्यावर मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या, म्हणजे मागच्या डाव्या चाकापासून एअर, म्हणजे नळ्यांत अडकलेली हवा, काढायला सुरुवात कर, ऑइलची बाटली ताजी फोड, आणि ऑइल रंगावर सांडले तर लगेच पाण्याने धू, नाहीतर तो रंग उतरेल. नवे पॅड बसवून थेट आंबा घाटात जाऊ नकोस. मी खडकवासल्याच्या पुढे पानशेतच्या रस्त्यावर पहाटे जाऊन ताशी ६० वरून १५ पर्यंत असे आठ-दहा वेळा, पूर्ण न थांबता वेग उतरवतो आणि मग वीस मिनिटे ब्रेक न लावता गाडी थंड करतो. तुझ्याकडे पन्हाळ्याच्या अलीकडचा सपाट रस्ता त्याला चालेल.

डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी मी कोल्हापुरात येतो आहे. डायल गेज आणि होजचा संच माझ्यासोबत असेल. तू तोवर पुढची चाके काढून पिस्टनांची छायाचित्रे पाठव, म्हणजे किट कोणते आणायचे ते ठरवता येईल, आणि कॅलिपरची ऑर्डर दिली असशील तर आजच रद्द कर.

ति. काकांना सा. नमस्कार, वहिनींना नमस्कार. कळावे, लोभ असावा.

तुझा,
श्रीधर